तिजोरी सर्वांची, किल्ली कोणाची?

‘विकेंद्रीकरण’ हा शब्द आपल्या चळवळीला परका नाही. योजनेचा पैसा मंत्रालयाच्या मजल्यांवर अडून न राहता ग्रामपंचायतीपर्यंत पोचावा, ग्रामसभेच्या ठरावाला कागदापलीकडे किंमत यावी, कारखान्याच्या कारभारात कामगाराला स्थान मिळावे, या मागण्यांसाठी आपल्या कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले आहेत, तुरुंगवासही पत्करला आहे. आज हाच शब्द एका अगदी निराळ्या गोटातून ऐकू येत आहे. ब्लॉकचेन या तंत्राचे पुरस्कर्ते सांगतात की, आम्ही मालक नसलेल्या, संचालक मंडळ नसलेल्या, केवळ सभासदांच्या मतांवर चालणाऱ्या संघटना उभ्या केल्या आहेत. त्यांच्या तिजोरीतील पै न पै सभासदांच्या संमतीने खर्च होते. आणि हीच उद्याची लोकशाही होय. या संघटनांना ते ‘विकेंद्रित स्वायत्त संघटना’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डाओ’ हे त्यांचे चालू नाव आहे.

अनुवाद करणाऱ्याला शब्दासमोर शब्द मांडून मोकळे होता येत नाही. त्या शब्दामागे कोणता वर्ग उभा आहे, हे त्याला पाहावे लागते. ‘विकेंद्रित’ म्हणजे सत्ता कोणाकडून काढून कोणाकडे दिलेली? ‘सभासद’ म्हणजे कोण? ‘मत’ म्हणजे काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज भाषांतर पुरे झाले असे म्हणता येत नाही.

संगणक-उद्योगात काम करणाऱ्या आपल्या तरुण साथींमध्ये या विषयावर दोन मते आढळतात. काहींना वाटते की हा सारा सट्टेबाजांचा बाजार आहे, त्यात डोके घालण्याचे कारण नाही. काहींना उलट असे वाटते की, नोकरशाहीला फाटा देणारे लोकशाहीचे यंत्र अखेर सापडले. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मते अपुरी वाटतात. सट्टा आहे यात शंका नाही. परंतु सामाईक पैसा कोणी व कसा खर्च करावा आणि त्या निर्णयात सामान्य सभासदाला कसे ओढून आणावे, हे प्रश्न सट्टेबाजांचे नाहीत. ते प्रत्येक सहकारी संस्थेचे, प्रत्येक कामगार संघटनेचे, किंबहुना समाजवादी अर्थव्यवस्थेचेही प्रश्न आहेत. म्हणून हा प्रयोग कोठे फसतो आहे, हे बारकाईने पाहणे आपल्या हिताचे आहे.

मत माणसाचे की नाण्याचे?

ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी जपली जाणारी सामाईक खातेवही. एकदा झालेली नोंद कोणा एकाला गुपचूप खोडता येत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. या खातेवहीवर चालणारी संघटना ‘टोकन’ नावाची नाणी काढते. हे नाणे बाजारात विकता येते आणि मतदानातही वापरता येते. ज्याच्याजवळ जितकी नाणी तितकी त्याची मते. ठराव मंजूर झाला की संगणकाचा कार्यक्रमच तिजोरीतून रक्कम देऊन टाकतो. मध्ये खजिनदाराची सही लागत नाही.

येथेच पहिली गोम आहे. भागभांडवली कंपनीत जितके भाग तितकी मते असतात. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेलच्या कष्टकऱ्यांनी आपले सहकारी दुकान काढले, तेव्हा त्या परंपरेत नेमका याविरुद्धचा नियम रुजला: भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. आपल्या देशातील सहकारी कायद्यांनीही हेच तत्त्व स्वीकारले. नव्या युगाची म्हणवणारी ही संघटना मात्र रॉचडेलच्या वाटेने न जाता कंपनीच्या वाटेने गेली आणि त्याला तिने लोकशाहीचे नाव दिले.

परिणाम काय झाला? चेनअ‍ॅनालिसिस या संस्थेने २०२२ साली अशा दहा मोठ्या संघटनांची पाहणी प्रसिद्ध केली. नाणेधारकांपैकी १ टक्क्याहूनही कमी लोकांच्या हाती ९० टक्के मतशक्ती एकवटलेली तिला आढळली. मक्तेदारीविषयी आपण जे इतर उद्योगांच्या बाबतीत सांगत आलो, तेच येथे अवघ्या काही वर्षांत घडून आले.

गणपूर्तीचे गणित

मतदानाला लोक येत नाहीत, ही या संघटनांची कायमची तक्रार आहे. २०१६ साली ‘द डाओ’ ही या प्रकारातील पहिली गाजलेली संघटना निघाली. तिने सुमारे १५ कोटी डॉलर किमतीचे इथर हे चलन गोळा केले. त्याच वर्षी १७ जूनला तिच्या नियमावलीतील उणीव हेरून कोणी तरी ३६ लाख इथर वळते करून घेतले. ते परत मिळवण्यासाठी मूळ साखळीच बदलावी काय, या प्रश्नावर कौल घेण्यात आला. त्या कौलात एकूण इथरचा दहावा हिस्साही उतरला नाही. तरीही जुलैमध्ये साखळी बदलली आणि त्यातून दोन साखळ्या झाल्या. घर लुटले गेल्यावरदेखील घरची माणसे सभेला आली नाहीत!

याला ‘सभासदांची उदासीनता’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मालकवर्गाचा आहे. युनियनच्या सभेला कामगार कमी आले की तोही हाच शब्द वापरतो. प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहू. युनिस्वॅप या चलनविनिमयाच्या जाळ्याने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या जुन्या वापरकर्त्यांच्या प्रत्येक खात्याला ४०० नाणी वाटली. ठराव संमत होण्यासाठी किमान ४ कोटी नाण्यांची अनुकूल मते हवीत असा नियम होता. म्हणजे ४०० नाणी बाळगणारे १ लाख सभासद एका दिलाने, एका आठवड्यात, एकाच बाजूने उभे राहिले तर कोठे गणपूर्ती व्हायची. तीच गणपूर्ती मोठे गुंतवणूकदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खात्यांतून करू शकतात. शिवाय साखळीवर मत नोंदवायचे तर शुल्क पडते. आपल्या मताने काही बदलत नाही आणि ते द्यायला पदरचे पैसे मोजावे लागतात, अशा ठिकाणी जो जात नाही त्याला उदासीन का म्हणावे? त्याने परिस्थिती बरोबर ओळखली आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये याच संघटनेत पहिला ठराव आला. तो होता गणपूर्तीची अट कमी करण्याचा. पडलेल्या मतांपैकी सुमारे ९८ टक्के मते अनुकूल होती. पण ती ३ कोटी ९६ लाखांच्या आसपास राहिली आणि ठराव पडला. नियम जाचक आहे असे जवळपास सर्व मतदारांचे मत पडले, आणि त्याच नियमाने ते मत रद्द ठरवले.

दुसऱ्याच्या ठेवीवर मतदान

नाणे हेच मत असले की, ज्याच्या ताब्यात नाणे त्याच्या ताब्यात मत, मग नाणे त्याचे असो वा नसो. २०२० साली स्टीम या साखळीत याचा नमुना दिसला. ट्रॉनचे संस्थापक जस्टिन सन यांनी फेब्रुवारीत स्टीमिट ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर नाण्यांचा मोठा साठाही त्यांच्या हाती आला. हा साठा मतदानासाठी वापरला जाणार नाही असे पूर्वी सांगितले गेले होते. म्हणून साखळी चालवणाऱ्या निवडलेल्या प्रतिनिधींनी तो गोठवला. तेव्हा मार्चच्या आरंभी काही मोठ्या विनिमय-बाजारांनी आपल्याकडे ठेवलेली ग्राहकांची नाणी मतदानात उतरवली आणि ते सारे प्रमुख प्रतिनिधी एका झटक्यात बदलले गेले. ठेवीदाराला विचारले नाही, मत मात्र त्याच्या ठेवीचे पडले. पुढे ओरड झाल्यावर काही बाजारांनी मते मागे घेतली. समाज मात्र त्याच महिन्यात फुटला आणि त्याने ‘हाइव्ह’ नावाची वेगळी साखळी काढली. बँका लोकांच्या ठेवींवर कंपन्यांची संचालक मंडळे कशी ताब्यात ठेवतात, हे ज्याने अभ्यासले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

पुढची पायरी उसन्या मतांची. १७ एप्रिल २०२२ रोजी बीनस्टॉक या संघटनेत एका अज्ञात इसमाने काही क्षणांपुरते प्रचंड कर्ज काढले, त्यातून दोन-तृतीयांशाहून अधिक मतशक्ती विकत घेतली, आदल्या दिवशी मांडून ठेवलेला आपलाच ठराव मंजूर केला, तिजोरी रिकामी केली आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडूनही टाकले. संघटनेचे सुमारे १८ कोटी डॉलरचे नुकसान झाले. नियमावलीच्या दृष्टीने पाहता येथे कुलूप फुटले नव्हते. ठराव ‘बहुमताने’ संमत झाला होता.

कर्जाऐवजी चिकाटी वापरली तरी असेच घडू शकते. जुलै २०२४ मध्ये कंपाउंड या कर्जव्यवहाराच्या संघटनेत एका गटाने तिजोरीतील ४ लाख ९९ हजार नाणी, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, आपल्या योजनेत गुंतवण्याचा ठराव मांडला. त्याचा तो पहिलाच प्रयत्न नव्हता. २८ जुलैला, रविवारी, मतदान संपले तेव्हा अनुकूल मते ६ लाख ८२ हजार आणि प्रतिकूल ६ लाख ३३ हजार होती. पुढे तडजोड होऊन तो व्यवहार थांबला. पण ज्या सभेत बहुसंख्य सभासद गैरहजर असतात, ती सभा संघटित अल्पसंख्येच्या हाती जाते, हे येथे पुन्हा सिद्ध झाले.

तिजोरीचा मार्चअखेर

आता खर्चाकडे वळू. पोल्काडॉट या साखळीच्या तिजोरीत नव्याने निघणाऱ्या नाण्यांचा काही भाग आणि शुल्काची रक्कम जमा होते. २०२४ च्या पहिल्या सहामाहीचा तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा खळबळ उडाली. सहा महिन्यांत सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले होते आणि त्यातले जवळजवळ ३ कोटी ७० लाख प्रसिद्धी व प्रचारावर गेले होते. शिल्लक राहिली होती सुमारे २४ कोटी ५० लाखांची. त्याच गतीने खर्च होत राहिला तर ती दोनेक वर्षे पुरेल, असे अहवालानेच म्हटले होते.

याचे एक कारण नियमातच शोधले पाहिजे. तेथील रीतीनुसार दर २४ दिवसांच्या अखेरीस न खर्चलेल्या शिलकीचा १ टक्का नष्ट केला जाई. तिजोरी साठून राहू नये असा त्यामागचा हेतू. परंतु वाचवलेले जळून जाणार असेल तर कोण वाचवील? आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांत मार्चअखेरीस निधी परत जाऊ नये म्हणून जी धांदल उडते, तीच येथे दर २४ दिवसांनी येण्याची सोय करून ठेवली होती.

तेथील मतदानाचा दुसरा एक नियमही पाहण्याजोगा आहे. जो आपली नाणी अधिक काळ अडकवून ठेवील त्याचे मत अधिक वजनदार. २२४ दिवस अडकवली तर सहापट. यामुळे निष्ठेला बक्षीस मिळते असे म्हणतात. पण २२४ दिवस पैसा अडकवून ठेवणे कोणाला परवडते? ज्याला त्या पैशाची रोजच्या भाकरीसाठी गरज नाही त्याला. निष्ठेच्या नावाखाली मोजली गेली ती सुबत्ता.

आर्बिट्रमचे उदाहरण आणखी बोलके आहे. मार्च २०२३ मध्ये नाणी वाटून ‘आता सत्ता सभासदांची’ असे जाहीर झाले. लगेच पहिला ठराव आला. त्यात इतर अनेक कलमांबरोबर ७५ कोटी नाणी, त्या वेळच्या भावाने जवळपास १०० कोटी डॉलर, प्रतिष्ठानच्या स्वाधीन करण्याचे कलम होते. मतदान चालू असतानाच उघड झाले की त्यातील ५ कोटी नाणी आधीच हलवली गेली आहेत. प्रतिष्ठानचा खुलासा असा की हा ठराव परवानगीसाठी नव्हताच, घेतलेल्या निर्णयांना मान्यता देण्यासाठी होता. सभासद खवळले आणि बहुतांश मते विरोधात पडली. मग ठरावाचे तुकडे करावे लागले, खर्चाची अंदाजपत्रके मांडावी लागली आणि रक्कम चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मोकळी करण्याचे बंधन आले. सभासद जागे झाले की त्यांना ‘उदासीन’ म्हणणाऱ्यांची भाषा कशी बदलते, हे ध्यानात ठेवावे.

काय करता येईल?

या व्यवस्थेच्या चौकटीतही काही सुधारणा निश्चित करण्यासारख्या आहेत आणि जे तंत्रज्ञ प्रामाणिकपणे त्या मागत आहेत त्यांना आपला पाठिंबा असला पाहिजे.

पहिली गोष्ट, आधी अंदाजपत्रक, मग ठराव. वर्षाची खर्चमर्यादा आणि प्रत्येक बाबीचा वाटा आधी ठरला, तरच एकेका मागणीचा विचार इतर गरजांच्या तुलनेत होऊ शकतो. न खर्चलेला पैसा जाळू नये, पुढील वर्षात ओढावा.

दुसरी, रक्कम हप्त्यांनी द्यावी आणि पुढचा हप्ता झालेले काम तपासल्यावरच सुटावा. तपासणी पैसे घेणाऱ्याने करू नये. ऑप्टिमिझम या साखळीत काम झाल्यानंतर त्याचा समाजाला उपयोग किती झाला हे पाहून मोबदला देण्याचा प्रयोग चालू झाला. त्याची दिशा योग्य आहे. मात्र ज्याच्या गाठीला काही नाही तो काम होईपर्यंत काय खाईल, याचे उत्तर म्हणून काही उचल द्यावीच लागेल.

तिसरी, ठरावाची सूचना निघण्यापूर्वी ज्याच्याकडे नाणी होती त्यालाच मत असावे, म्हणजे उसनी मते बाद होतील. ठराव आणि अंमल यांमध्ये काही दिवसांचे अंतर सक्तीचे असावे. ठेवीदाराच्या स्पष्ट संमतीवाचून त्याची ठेव मतदानात उतरवता कामा नये.

चौथी, ज्यांना रोजच्या ठरावांचा अभ्यास जमत नाही त्यांनी प्रतिनिधी नेमावेत, परंतु प्रतिनिधीने प्रत्येक मताचे कारण जाहीर केले पाहिजे आणि त्याला केव्हाही परत बोलावता आले पाहिजे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनने हाच नियम घालून दिला होता आणि प्रतिनिधींना कामगाराच्या मजुरीइतकेच वेतन ठरवले होते. मतदाराला मत देण्याबद्दल पैसे वाटण्याच्या कल्पनेपेक्षा हा नियम कितीतरी श्रेयस्कर आहे. पैशासाठी दिलेले मत वाचून दिलेले असतेच असे नाही.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, काही निर्णय तरी नाण्यांवरून काढून माणसांकडे दिले पाहिजेत. ऑप्टिमिझमने नाणेधारकांच्या सभागृहाबरोबर एक व्यक्ती एक मत या तत्त्वावर नागरिकांचे दुसरे सभागृह उभारले. गिटकॉइनने मदत वाटताना रकमेपेक्षा देणाऱ्यांच्या संख्येला महत्त्व देणारे सूत्र वापरले. त्या सूत्राने एकाच माणसाच्या १०० रुपयांपेक्षा १०० माणसांच्या प्रत्येकी १ रुपयाचे वजन शंभरपट ठरते. अडचण एवढीच की खातेवहीला माणूस दिसत नाही, खाते दिसते. एकच इसम १०० खाती काढून १०० माणसे होऊ शकतो. म्हणजे माणसाला ओळखणारा समाज प्रथम अस्तित्वात असावा लागतो. तो संगणकाला निर्माण करता येत नाही.

परंतु या साऱ्या सुधारणांपुढे एक अंतर्विरोध उभा आहे. नियम बदलायला ठराव लागतो, ठरावाला मते लागतात आणि मते मोठ्या नाणेधारकांजवळ आहेत. त्यांची सत्ता मर्यादित करणारा ठराव त्यांच्याच मतांनी संमत व्हायला हवा. इतिहासात कोणत्या मालकवर्गाने असा ठराव आपखुशीने संमत केला आहे? तंत्र निर्दोष करून हा पेच सुटणार नाही, कारण तो तंत्राचा पेच नाही. तो मालकीचा आहे.

आपल्याकडे वळून पाहताना

तथापि दुसऱ्याच्या घरातील उणे दाखवून थांबणे आपल्याला शोभणार नाही. या संघटनांजवळ एक गोष्ट अशी आहे की जी आपल्या बहुतेक संस्थांजवळ नाही: उघडी वही. पोल्काडॉटच्या प्रसिद्धीखर्चावर गदारोळ होऊ शकला, कारण कोणत्याही सभासदाला प्रत्येक रक्कम कोठे गेली हे पाहता येत होते. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांत कायद्याने प्रत्येक सभासदाला एक मत आहे. पण किती ऊसउत्पादकांना आपल्या कारखान्याचे खाते मनात येईल तेव्हा उघडून पाहता येते? समान मत असूनही कित्येक कारखाने एकेका घराण्याच्या मुठीत गेले. म्हणजे समान मत आवश्यक आहे. पुरेसे मात्र नाही. मतासोबत माहिती हवी, आणि माहितीसोबत ती वापरणारी संघटित शक्ती हवी.

केरळमध्ये १९९६ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने लोकयोजना मोहीम हाती घेतली, तेव्हा राज्याच्या योजनेतील ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले. तिचे खरे महत्त्व त्या टक्केवारीत नव्हते. लोकांसमोर तयार ठराव ठेवून ‘होय की नाही’ विचारले गेले नाही. ग्रामसभेने गरजा सांगितल्या, गावाचा विकास अहवाल तयार झाला, त्यावर परिसंवाद झाले, कार्यदलांनी योजना आखल्या, आणि मग पैसा आला. तेथेही उपस्थितीचे प्रश्न होते, मध्यमवर्ग ग्रामसभेकडे फारसा फिरकत नव्हता, कंत्राटदारांचे हितसंबंध आडवे येत होते. परंतु सहभाग म्हणजे शेवटच्या दिवशी बटण दाबणे नव्हे, प्रश्न कोणता हे ठरवण्यापासून सहभागी होणे होय, हा धडा त्या मोहिमेने दिला. ब्लॉकचेनच्या संघटना ज्या रोगावर औषध शोधत आहेत, त्याचे निदान येथे आहे.

एंगल्सने १८९१ साली ‘फ्रान्समधील यादवी युद्ध’ या मार्क्सच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कम्यूनच्या एका गंभीर राजकीय चुकीवर बोट ठेवले: कम्यूनने बँक ऑफ फ्रान्सला हात लावला नाही. सत्ता रस्त्यावरच्या कामगाराकडे आली, तिजोरी मात्र आदबीने जुन्या मालकांकडेच राहू दिली. आजच्या या नव्या संघटनांनी उलट प्रकार केला आहे. त्यांनी तिजोरी सर्वांच्या नावावर केली, तिची वही सर्वांसमोर उघडी ठेवली आणि किल्ली मात्र नाण्यांच्या ढिगावर बसलेल्यांच्या हाती दिली.

आपल्या तरुण साथींनी या तंत्रापासून दूर पळू नये. त्यातील उघडी वही उचलावी आणि ती आपल्या पतसंस्थेत, आपल्या युनियनच्या कचेरीत, आपल्या ग्रामपंचायतीत आणण्याची मागणी करावी. पुढच्या वार्षिक सभेला जाताना हिशेबाचे कागद आधी मागावेत, ते चार सभासदांना वाचून दाखवावेत आणि त्या चौघांना सोबत घेऊन जावे. वही उघडी आहे तेथे माणसे आणणे आणि माणसे आहेत तेथे वही उघडायला लावणे, हेच आपल्यापुढील काम आहे. ‘विकेंद्रीकरण’ या शब्दाचे खरे भाषांतर तेथेच पूर्ण होईल.